अर्धा राहिलेला विनोदी सिनेमा

चंदीगडला मी गेले ती वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायला. घर मिरजेचं. वडील तंबोऱ्यांच्या कारखान्यात कामाला होते, त्यामुळे घरात गाणारं कुणी नसलं तरी सूर लागला की नाही हे आम्हा सगळ्यांना कळायचं. पंजाबातली ती वाईट वर्षं होती. निघताना आईने एकच गोष्ट तीन वेळा बजावली, बसने कुठे जायचं नाही. बसमधून उतरवून मारलेल्या माणसांच्या बातम्या मिरजेच्या पेपरातही यायच्या. शहर त्या मानाने शांत होतं. पण चौकाचौकात वाळूची पोती रचून जवान बसलेले असायचे आणि अंधार पडायच्या आत जो तो घर गाठायचा.

त्याची माझी ओळख एका चुकीने झाली. बावीस सेक्टरच्या बाजारात एक दुकान होतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की चार दिवसांत दुकानदार गाणी भरून द्यायचा. मी घरून नाट्यगीतांची एक कॅसेट आणली होती. ऐकून ऐकून तिची टेप तुटायला आली होती, म्हणून तिची कॉपी करायला टाकली. चार दिवसांनी होस्टेलवर आणून लावली, तर आत तुंबी, ते एका तारेचं पंजाबी वाद्य, वाजायला लागली आणि एक म्हातारा गळा पंजाबीत कुणाची तरी खरडपट्टी काढल्यासारखा गाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेले तर माझी कॅसेट हातात धरून एक सरदार मुलगा आधीच काउंटरवर उभा होता. उंच, निळी पगडी, खांद्याला शबनम. त्याची तक्रार नव्हती. तो दुकानदाराला विचारत होता, की ही भाषा कुठली आणि हा गाणारा एकाच शब्दापाशी इतका वेळ का थांबतो.

मी सांगितलं, भाषा मराठी आहे आणि तो थांबत नाही, तान घेतो. त्याने रात्रीतून चार वेळा ती कॅसेट ऐकली होती. परत करायची त्याची इच्छा दिसेना. शेवटी दुकानदारानेच दोन्हींच्या दोन-दोन प्रती करून द्यायचं कबूल केलं.

तो आमच्याच युनिव्हर्सिटीत इंग्रजीत एम.ए. करत होता. गाव सरहद्दीकडच्या जिल्ह्यात. शेती मोठा भाऊ बघायचा आणि याने शिकावं असा त्या भावाचाच हट्ट होता. मनीमाजऱ्यात एका पिठाच्या गिरणीवरची खोली त्याने घेतली होती. तिथल्या कॅसेटींवर कायम पिठाचा थर असायचा, टेपरेकॉर्डरमध्ये घालण्याआधी तो प्रत्येक कॅसेट सदऱ्याला पुसायचा. बोलायचो आम्ही हिंदीत. मी इथे मराठीत लिहितेय, पण त्याचं बोलणं आठवतं ते हिंदीतच, मध्ये मध्ये पंजाबी घुसलेलं.

सिनेमाची कल्पना त्याची. त्याच्या गल्लीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ राहायचे. आम्ही त्यांना भाईसाब म्हणायचो. त्यांनी मोठ्या हौसेने कॅमेरा घेतला आणि नेमकी त्याच सुमाराला गावागावांत बंदूकवाल्यांची फर्मानं निघाली. लग्नात बँड नको, नाच नको, अकराच्या वर वऱ्हाडी नकोत. मग व्हिडिओ कोण काढणार? कॅमेरा पेटीत पडून होता. त्याने विचारल्यावर ते लगेच तयार झाले. हात तरी चालू राहील, म्हणाले.

गोष्ट आम्ही दोघांनी मिळून रचली. प्रेमभंग झालेली एक मुलगी रडकी गाणी भरून घ्यायला कॅसेटच्या दुकानात येते. दुकानातल्या मुलाचाही नुकताच प्रेमभंग झालेला असतो आणि रडकी गाणी भरून भरून तो कंटाळलेला असतो. तो तिच्या यादीतली गाणी गाळून मधे मधे चेष्टेची, लग्नात म्हणायची गाणी घालतो. ती भांडायला येते. दर आठवड्याला नवी यादी, नवं भांडण. शेवटी तो तिला एक कॅसेट देतो, ज्यात एकही गाणं नसतं. त्याने नुसतं बोलून ठेवलेलं असतं. ती दुकानातच ती लावते आणि हसायला लागते. तिथे सिनेमा संपणार होता. नाव आम्ही ठरवलंच नव्हतं.

दुकानातला मुलगा तोच होणार होता. मुलीचं काम करायला कुणी तयार होईना, म्हणून मीच उभी राहिले. दुकानात भल्या सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत शूटिंग चालायचं. भाईसाबांचा हात लग्नाला सरावलेला. भांडणाचा सीन चालू असताना कॅमेरा हळूच माझ्या बांगड्यांवर जायचा. मी जोरात बोलायला लागले की ते कॅमेऱ्यामागून पुटपुटायचे, "बीबीजी, नजर थोडी खाली." आम्हाला हसू आवरायचं नाही आणि सीन पुन्हा करावा लागायचा. त्या दोन-तीन महिन्यांत मी जेवढी हसले तेवढी पुढे कधी हसले नसेन.

मग सुखना तलावावरचा तो दिवस आला. सीन साधा होता. मी बाकावर टेपरेकॉर्डर ठेवून निघून जाते, गाणं एकटंच वाजत राहतं. मी उठून लांब गेले. भाईसाब झाडामागून चित्र घेत होते, तो त्यांच्याशेजारी. बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, बॉम्ब असू शकतो, असे फलक शहरभर होते. आम्ही रोज ते वाचत होतो आणि तरी आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. फिरायला आलेल्या एका बाई किंचाळल्या आणि दोन मिनिटांत तलावाचा काठ रिकामा झाला.

जवान धावत आले. हा कोणाचा, म्हणून विचारलं. तो पुढे होऊन म्हणाला, माझा. त्याला त्यांनी जमिनीवर पालथं झोपवलं. भाईसाबांना कॅमेऱ्यासकट बाजूला उभं केलं. मला म्हणाले, बहनजी, तुम्ही इकडे या, आणि बसायला खुर्ची दिली. तीन तास तो तसाच पालथा होता आणि मी त्याच्यापासून दहा हातांवर खुर्चीत बसले होते. एकाने स्क्रू-ड्रायव्हरने टेपरेकॉर्डर उघडला. अधिकाऱ्याने माझं ओळखपत्र बघितलं, घर कुठे ते विचारलं आणि मग विचारलं, की महाराष्ट्रातली मुलगी याच्याबरोबर काय करतेय.

"सिनेमा करतोय आम्ही," मी म्हणाले.

"कसला?"

"विनोदी."

त्यांनी मला सगळी गोष्ट सांगायला लावली. खरी आहे का ते बघत असावेत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. एका ठिकाणी मागे उभा असलेला एक शिपाई हसला. त्यानंतर थोड्या वेळाने आम्हाला सोडलं.

परत येताना तो पगडीला लागलेली माती झटकत होता. मग म्हणाला, "गोष्ट चांगली सांगितलीस. मी ऐकत होतो." तोवर तो मला 'आप' म्हणायचा. त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम' म्हणाला. मला त्याच्या हाताला हात लावायचा होता. लावला नाही. पुढच्या चौकात पुन्हा पोती होती, पुन्हा झडती होती.

एका मोठ्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या सातारच्या डॉक्टरांचं घर तिथे होतं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची आणि रविवारी जेवायला जायची. काकूंकडे व्हिडिओ होता. झालेले सीन बघायला म्हणून मी टेप घेऊन गेले. त्यांची मुलगी, तिला मराठी समजायचं पण बोलायची हिंदीत, ती हसून हसून लोळली. काकूही हसल्या. शेवटच्या आधीचा एक सीन होता, त्यात तो यादी वाचतो आणि मी त्याच्याकडे नुसती बघत असते. तो सुरू झाल्यावर काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले.

"नाटकात असं बघत नाहीत गं," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, तसं काही नाही. नाही ना, मग बरं, असं म्हणून त्यांनी कढईत पुरी सोडली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, मिरजेला यातलं काही कळवू नकोस, एवढं सांगितलं.

कळवण्यासारखं खरंच काही घडलं नव्हतं. आम्ही एकमेकांना तसा एक शब्द बोललो नव्हतो. सगळं बोलणं सिनेमात होतं आणि तेही अजून पुरं झालं नव्हतं. शेवटचा सीन पुढच्या रविवारी ठरला होता.

त्याच आठवड्यात त्याच्या डिपार्टमेंटला तालुक्याहून फोन आला. त्याचा भाऊ संध्याकाळी शेतावरून घरी येत असताना बांधावर कुणीतरी त्याला गोळ्या घातल्या. तो मिळेल त्या बसने गेला. मला ते दुसऱ्या दिवशी भाईसाबांकडून कळलं. त्यानंतर तीन आठवडे काहीच कळलं नाही. गावात फोन नव्हता. मी रोज वाचनालयात जाऊन त्यांच्या जिल्ह्याच्या बातम्या वाचायची आणि नावांच्या याद्या बोटाने तपासायची.

एका दुपारी तो आमच्या डिपार्टमेंटमागच्या बागेत येऊन उभा होता. पगडी पांढरी, सुतकाची. दाढी वाढलेली. मी विचारलं, कुणी केलं?

"कोण सांगणार? कुणी म्हणतं हे, कुणी म्हणतं ते. आम्ही विचारायला कुठे जायचं?"

मग त्याने सगळं सरळ सांगून टाकलं, पाठ करून आल्यासारखं. वहिनी बावीस वर्षांची. मुलगी अजून चालायलाही लागलेली नाही. वडिलांना, बापूंना, दिसत नाही. तेराव्याला सगळ्या गावासमोर घरच्या कर्त्याची पगडी त्याच्या डोक्यावर बांधली आणि तिथेच ठरलं, की त्याने वहिनीवर चादर घालायची. दीर विधवा भावजयीशी लग्न करतो, त्याला त्यांच्याकडे तसं म्हणतात. परीक्षा द्यायची नाही. खोली सोडायलाच तो आला होता.

"तुला विचारलं?" मी म्हणाले.

"बापूंनी विचारलं. पगडी बांधता बांधता."

"आणि तिला?"

हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता, हे मला दिसलं. "नाही," तो म्हणाला. "तिला कुणी नाही विचारलं."

मला रागवायचं होतं, पण कुणावर रागवायचं ते सापडेना. त्या मुलीवर तर नाहीच. मी त्याला जाऊ नकोस म्हणाले असते तर त्याने काय केलं असतं, कोण जाणे. मी म्हणाले नाही. तोच म्हणाला, भाईसाबांशी बोललोय, उद्या सकाळी दुकान मिळेल, तेवढा सीन करून जातो.

सकाळी आम्ही तिघं दुकानात जमलो. भाईसाबांनी कॅमेरा लावला, आतून बघितलं आणि डोळा बाजूला केला. पगडी जुळत नाही, म्हणाले. आधीच्या सगळ्या सीनमध्ये निळी आहे. बघणाऱ्याला कळेल. तो म्हणाला, ही मला आता बदलता येणार नाही. ते कुणालाच नव्याने सांगावं लागत नव्हतं. आम्ही तिघंही थोडा वेळ पगडीबद्दलच बोललो. दुकानाबाहेर घेता येईल का, पाठीमागून घेता येईल का, नुसता हात दाखवला तर. मग भाईसाबांनी कॅमेरा उतरवून पेटीत ठेवला. पगडीच्या निमित्ताने सुटलो, असंच आम्हाला तिघांनाही वाटलं असावं. मला काही त्या दिवशी हसता आलं नसतं.

स्टँडवर मी त्याला पोचवायला गेले नाही. त्यानेच नको म्हटलं. कॅसेटींची ट्रंक तो भाईसाबांकडे ठेवून गेला. आता घरी वर्षभर गाणं वाजणार नाही, म्हणाला.

काही महिन्यांनी भाईसाबांना हरियाणाकडचं एक लग्न मिळालं. त्यांनी होस्टेलवर येऊन संकोचाने विचारलं, ती टेप पुन्हा वापरली तर चालेल का, कोरी मिळत नाहीये. वापरा, म्हणाले मी. ते जिन्यावर थोडा वेळ थांबले, मी मागे बोलावीन अशा आशेने. मी बोलावलं नाही.

त्या हिवाळ्यात मी काकूंकडे जाणं जवळजवळ बंद केलं. त्या विचारायच्या नाहीत, पण ताट वाढताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायच्या. आईला दर आठवड्याला पत्र लिहायची, थंडी फार आहे, तब्येत बरी आहे.

त्याचं एक पत्र आलं, डिपार्टमेंटच्या पत्त्यावर, इंग्रजीत, सात-आठ ओळींचं. गहू चांगला आलाय. कालव्याचं पाणी वेळेवर मिळालं. मुलगी चालायला लागली आणि मला पापा म्हणते, आधी तिला थांबवायचो, आता थांबवत नाही. वहिनी, असं लिहून त्याने तो शब्द खोडला होता आणि पुढे तिचं नावही लिहिलं नव्हतं, नुसतं 'ती' असं होतं. ती फार बोलत नाही, मीही नाही. शेवटी लिहिलं होतं, उत्तराची गरज नाही.

मी ते लॅबमध्ये उभ्यानेच वाचलं. दोन वाजले होते आणि मला तीनपर्यंत रोपांना पाणी घालायचं होतं. ते घातलं. उत्तर द्यायला बसले असते तर काय लिहिलं असतं, याचा विचार पुढे कितीतरी दिवस केला, आणि प्रत्येक वेळी पहिल्या ओळीच्या पुढे काही सुचलं नाही.