जिनिव्हाला न गेलेल्या बाई

"कुणी ठरवलं?" चष्मा नाकावर खाली ओढून बाई हा प्रश्न विचारायच्या आणि समोरचा माणूस उगाचच दोन पावलं मागे सरायचा. रिक्षावाल्याने भाडं वाढवलं, कुणी ठरवलं? नवरात्र मंडळाचा अध्यक्ष बदलला, कुणी ठरवलं? एकदा मी चहात साखर कमी घातली, तर तेही.

डहाणूला एस.टी. स्टँडसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेलच, जिला येताना बघून आपण आधी घड्याळाकडे बघतो. बाई तलासरीकडच्या डोंगरातल्या शेतकरी घरातल्या, आश्रमशाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पुढे चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरी करणाऱ्या बायांच्या संघटनेची लिखापढी बघायच्या. २०१४ पासून पाच वर्षं, दर मंगळवारी सकाळच्या गाडीने यायच्या, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि पत्रं सांगायच्या.

पत्रं कुणाला, तर थेट दिल्लीला. जिनिव्हाला मानवी हक्कांच्या समित्या बसतात, सरकारांना जाब विचारतात. त्यांचे सदस्य निरनिराळे देश मतं देऊन निवडतात. पण आपल्याकडून नाव कुणाचं पाठवायचं हे कोण ठरवतं, याची जाहिरात का नाही, आणि कित्येक समित्यांत बाया निम्म्यासुद्धा का नाहीत, हे बाईंचं म्हणणं.

"बाई, आपला काय संबंध?" मी वैतागून म्हणायचे. टायपिंगला ती पत्रं महाभयंकर होती.

"वाडीवर बाईला गड्यापेक्षा कमी रोज मिळतो. हे गाऱ्हाणं तालुक्याला ऐकत नाहीत, जिल्ह्याला ऐकत नाहीत. कागद चढत चढत शेवटी तिथं जातो. मग तिथं कोण बसलंय ते बघायला नको? लिही तू."

दिल्लीहून एकदाच उत्तर आलं, 'आपले पत्र मिळाले.' एवढंच. बाईंनी त्याच्या पाच झेरॉक्स काढून वाटल्या.

पण बाईंना जिनिव्हा बघायची होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाईक नसलं की त्या हळूच म्हणायच्या, "तो हॉल दाखव गं कॉम्प्युटरवर." मग तो फोटो बघत बसायच्या. साठीनंतर पासपोर्ट काढला होता, त्याला प्लॅस्टिकचं कव्हरही घातलं होतं.

आणि एका उन्हाळ्यात मुंबईच्या एका संस्थेचा फोन आला. समितीच्या निवडणुकीआधी उमेदवारांना समोरासमोर प्रश्न विचारायला काही संस्था जिनिव्हाला माणसं पाठवणार होत्या. आपल्या किनारपट्टीतून एक बाई जायची होती. "तुमचं नाव नक्की केलंय," तिकडचे गृहस्थ म्हणाले. फोन स्पीकरवर होता, मी तर टाळीच वाजवली.

"कुणी ठरवलं?" बाई म्हणाल्या.

"आम्ही चौघांनी, काल बसून."

"जाहिरात दिली होती? चौघांत बाया किती?"

गृहस्थ हसले. एकही नव्हती. बाई म्हणाल्या, "मग मला जमायचं नाही. आधी जाहिरात द्या, मी अर्ज करीन."

मी भडकले. "डोकं फिरलंय का तुमचं? दारात आलेल्या लक्ष्मीला पत्ता विचारताय?"

"मला जायचंय गं. लई जायचंय. पण तिथं जाऊन मी हेच विचारणार ना दुसऱ्याला? मग?"

जाहिरात निघाली. त्यावर बाईंनी काय करावं? जाहिरातीची प्रत घेऊन गेल्या धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यात आणि रेखाला घेऊन आल्या. रेखा मासे विकणारी, बारावी शिकलेली, बोलायला फटकळ. "मला कोण घेतंय," ती म्हणत होती. तिचा अर्ज बाईंनी अख्खी दुपार माझ्या शेजारी बसून सांगितला. किनाऱ्यावरच्या बायांच्या सभा, बाजारातल्या जागेचं भांडण, एकेक गोष्ट तिच्याकडून उकरून काढली. स्वतःचा अर्ज दुकान बंद होता होता दहा मिनिटांत उरकला.

"बाई, तुमची नोकरी, ती सगळी पत्रं, काहीच लिहिलं नाही."

"ते सगळ्यांना माहीत आहे."

प्रत्येक गोष्ट लेखी मागणारी ही बाई, स्वतःच्या बाबतीत असं बोलली. आणि मीही मुकाट्याने प्रिंट काढली.

निवड डहाणूतच, शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत झाली. निवडणाऱ्यांत निम्म्या बाया, त्याही बाहेरगावच्या. त्यांना बाईंचं काहीच माहीत नव्हतं. अर्ज वाचून फळ्यावर गुण लिहिले. रेखा पहिली, बाई दोन गुणांनी दुसऱ्या. मी कानाशी लागले, "उठा, सांगा त्यांना तुमचं काम." बाई म्हणाल्या, "कागदावर नाही ते नाही," आणि रेखाला पेढा आणायला गेल्या. नंतर दुकानात येऊन स्टुलावर बसून रडल्या. "कुणाला सांगू नको," म्हणाल्या. मग नाक पुसून, "नाही, सांग. लपवायचं कशाला."

रेखा गेली. एका मंगळवारी दुपारी तिने तिथून व्हिडिओ कॉल केला. हॉल अजून रिकामाच होता. तिने फोन सावकाश फिरवला. "बाई, ही माझी खुर्ची."

"बस मग. उभी काय राहिलीस?" बाई ओरडल्या. रेखा बसली, हसली, आणि नेटवर्क गेलं.

बाई काळ्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. "परत विचारलं तर परत नाहीच म्हणेन," त्या म्हणाल्या. "पण मी तिथं हवी होते गं."

तेवढ्यात सातबाऱ्याच्या झेरॉक्स घ्यायला माणूस आला. बाईंनी पिशवी उचलली, रस्ता ओलांडला, तलासरीच्या गाडीत बसल्या. गाडी निघाली तशी खिडकीतून हात केला. मी बसल्या जागेवरून मान हलवली. गिऱ्हाईक थांबलं असतं दोन मिनिटं, पण मी उठले नाही. त्याच आठवड्यात, शनिवारी, बाई झोपेत गेल्या.