चांगुणाआयनं बोलावलेले देव

ही गोष्ट मी आमच्या ह्यांनाही सांगितलेली नाही. आणि ह्यांना मी सगळं सांगते बरं का — सोसायटीत कोणाचं कोणाशी वाजलं, भाजीवाला काय म्हणाला, सगळं. त्यांना ऐकायचं नसलं तरी सांगते. पण ही एक गोष्ट जिभेवर येते आणि परत जाते. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का, ते विचारू नका — मलाही माहीत नाही.

मी मूळची सांगलीकडची, राहते खांदेश्वरला. मुलं मोठी झाली, घर खायला उठलं, तेव्हा आम्ही चार-पाच जणांनी मिळून एक मंडळ काढलं. मंडळ म्हणजे काय — दर रविवारी खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात जायचं आणि तिथल्या समाजमंदिरात मुलांना गाणं, नाच, चित्रं शिकवायची. मानधन नाही, ऑफिस नाही, वडापाव ज्याचा त्यानं आणायचा. गावाच्या एका बाजूला अजून भातशेती होती, दुसऱ्या बाजूला टॉवर उभे राहत होते. रिक्षावाला मला सोडताना विचारायचा, इकडे कोण राहतं तुमचं? सुरुवातीला कोणीच राहत नव्हतं. मग चांगुणाआय भेटली.

चांगुणाआय त्या गावची धवलारीण. आगरी लग्नात भटजींचा जेवढा मान, तेवढाच या बाईचा. हळदीपासून लग्न लागेपर्यंत ती धवले गाते. बोलते, असं म्हणतात तिकडे. धवले बोलायचे. त्यात ती देवांना एकेकाला नावानं हाक मारून बोलावते — गावदेवी, शिवेवरचा देव, खाडीच्या तोंडावरचा, बांधावरचा — या, आमच्याकडे लग्न आहे. कोणी राहता कामा नये. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याच्या वर लुगडं खोचलेली, बोलायला महाफटकळ. पहिल्याच दिवशी माझं गाणं ऐकून म्हणाली की मास्तरीनबाय, पोरांना शिकव हो, पन तुजा गला काय बरा नाय. मी संगीताच्या परीक्षा दिलेली बाई! पण हसूच आलं मला. त्या दिवसापासून आमचं जमलं. दर रविवारी क्लास सुटला की मी तिच्या ओटीवर. आमच्या सांगलीला मासळीचा वाससुद्धा नाही — तिच्या हातचा जवळा आणि तांदळाची भाकरी खाल्ली आणि कामातूनच गेले मी. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ‘जेवलीस का’ असं दरडावून विचारणारं कोणी राहिलं नव्हतं.

हे सगळं मी का सांगत बसले आहे? कारण पुढचं सांगायचं टाळते आहे. कळतंय मला.

झालं असं की वाशीच्या एका हॉलमध्ये लोककलांचा मोठा कार्यक्रम ठरला. मी मागे लागून लागून आमच्या मंडळाला त्यात जागा मिळवली. आगरी लग्न मंचावर दाखवायचं, आणि धवले बोलायला खरीखुरी धवलारीण. आयोजक खूश. पत्रकं छापली गेली. मंडळाचं नाव होईल, माझं नाव होईल — हो, माझंही. खोटं कशाला बोलू? फक्त एक राहिलं होतं. मी चांगुणाआयला विचारलंच नव्हतं. गृहीत धरलं होतं. आपल्या माणसाला काय विचारायचं, नाही का?

तिनं साफ नाही म्हणून सांगितलं.

“धवलं म्हंजे आवतान, मास्तरीनबाय. देवांना हाका मारून बोलवायचं न मांडवान नवरीच खोटी? देव दारान उबं रातील. त्यांना काय सांगू मी — गंमत केली?”

मी समजावलं. कलेचं जतन, पुढची पिढी, माझ्याकडे शब्दांना काय तोटा. ती तांदूळ निवडत ऐकत राहिली आणि मान हलवत राहिली. रागावली नव्हती. तिच्या दृष्टीनं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पत्रक छापलेलं, तोंड दाखवायला जागा नाही, एवढंच माझ्या डोक्यात. आणि तेव्हा —

दर वेळी मी इथेच येऊन थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

तेव्हा मी म्हणाले, “आय, नवरी खोटी नाही. पोरांचं खरंच लग्न आहे.”

किती सहज आलं तोंडातून! घरची गरिबी आहे, मांडव घालायची ऐपत नाही, म्हणून मंचावरच लग्न लावायचं ठरवलंय, सामुदायिक विवाह होतात ना तसं — पुढचं आपोआप येत गेलं. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. “खरं बोलतेस?” मी म्हटलं, खरं. तिचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! अगं मंग आदी सांगायचं ना, म्हणाली, आणि पोरीचं नाव विचारलं.

नवरी होणार होती आमची वैशाली. दिघ्याची, एका कंपनीत पॅकिंगला, आठवड्याची एक सुट्टी ती आमच्या मंडळाला द्यायची. नवरा झालेला मुलगा वाशीचा, कॉलेजातला. त्या दोघांना मी काहीच सांगितलं नाही. आणि गावातल्या मुलांच्या परीक्षा होत्या, त्यामुळे ती मुलं त्या कार्यक्रमात नव्हतीच. चांगुणाआयबरोबर आल्या त्या मागून सूर ओढणाऱ्या दोघी जणी, त्यांनाही तिनं मी सांगितलं तेच सांगितलेलं. सगळं कसं जुळून आलं बघा. पापाला वाट सापडते.

कार्यक्रमाच्या दिवशी ती उपाशी होती. लग्न लागेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही तिची आयुष्यभराची रीत. मी बटाटेवडा पुढे केला तर हात मागे घेतला, म्हणाली पोरीवर अक्षता पडू दे. मंचावर ती बसली, डोळे मिटले आणि बोलायला लागली. वाशीचं पब्लिक — मोबाइलवर बोट फिरवत ऐकणारं. पण गप्प झालं हो सगळं. ती एकेका देवाला अशी हाक मारत होती, जशी संध्याकाळी अंगणातून पोरांना मारतात. अक्षता पडल्यावर तिनं वैशालीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडली. टाळ्या थांबेनात.

नंतर मेकअप पुसताना वैशाली मला म्हणाली, “मॅडम, त्या खरंच रडत होत्या.” मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, कलाकार आहेत गं त्या.

कार्यक्रम संपला की विषय संपेल, असं मला वाटलं होतं. पुढच्या रविवारी तिनं पहिलं विचारलं ते, पोर नांदाया गेली का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मग दर रविवारी. सासू कशी हाय? कामावर जाते का आजून? नवरा दारू त नाय पीत? मी एकेक उत्तर देत गेले. आणि खरं सांगू — मला ते आवडायलाही लागलं. मी वैशालीला चांगली सासू दिली. दिघ्याला दोन खोल्या दिल्या, गॅलरीत तुळस दिली. तिकडे खऱ्या वैशालीला पुण्याला नोकरी लागली, तिचं मंडळात येणं बंद झालं. आजही बिनलग्नाची आहे, मजेत आहे, दिवाळीला मेसेज करते.

आय विचारायची, पोर भेटाया का नाय येत? मी म्हणायचे, संसारातून सवड कुठे होते. ते तिला पटायचं. बाईला सवड नसते, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन-तीन वर्षांनी तिचं विचारणं बदललं. पोट पिकलं का? नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा — नाही. मला वाटलं विचारून विचारून कंटाळेल. एका रविवारी गेले तर ओटीवर गुमान बसलेली. सोमवारचा उपास धरलाय म्हणाली, वैशालीसाठी. आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता, “माजं कुटं त चुकलं. येकादा देव बोलवाचा रायला आसन.”

ती घाबरली होती हो. शेकडो लग्नं लावलेली बाई — आणि त्या एका लग्नाचे धवले ती रोज मनात म्हणून बघत होती, कोण राहिला ते शोधत. तिला तिच्याच बोलण्याची खात्री वाटेना. तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं की नाही? दोन वाक्यांचं काम होतं. चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, कदाचित ओटीवर चढू दिलं नसतं. पण तिचा धवला चुकला नव्हता, हे तरी तिला कळलं असतं. मला ती ओटी सोडवेना. मी पुढच्याच रविवारी तिला सांगितलं, वैशालीला दिवस गेलेत. आणि यथावकाश सांगितलं, मुलगी झाली.

तिनं माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. उपास सोडला. नाव काय ठेवलं, विचारलं. मला पटकन काही सुचेना, तर मी म्हणाले — चांगुणा. तुझंच नाव ठेवलं, आय.

देवा रे.

मग गोधडी आली. तिच्या जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची. डोळ्यांनी दिसत नव्हतं, सुईत दोरा शेजारची पोर ओवून द्यायची. पोरीला दे म्हणाली. मी घेतली. पिशवीत घालून खांदेश्वरला आणली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. ह्यांनी विचारलं तर प्रदर्शनातून घेतली म्हटलं. बघा, एकदा सवय लागली की घरातही लागते.

आणि यानंतरचं, ज्यासाठी मी हे सगळं सांगते आहे.

तिचे गुडघे गेले. गावातल्या लग्नांत बँड आणि डीजे आले होतेच, धवलारणीला बोलावणं कमी झालं होतं. तिच्या सुना-नातींपैकी कोणी शिकलं नाही. एक दिवस मला म्हणाली, दार लोटून घे न बस. मी धवलं शिकवते तुला. मी म्हटलं, मला? माझा गळा बरा नाही ना?

“गला नाय बरा. पन देव गला नाय बगत, मानूस बगतान. चांगुनीचं लगीन व्हईल तवा मी नसन. तू बोल.”

ज्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, ती मी ओटीवर बसून, भाकरी खाता खाता जन्माला घातलेली. आणि तिच्यासाठी ही बाई मला आपल्या आयुष्याची विद्या देत होती. मी घेतली. वर्षभर घेतली. चुकले की पाठीत धपाटा, जमलं की गुळाचा खडा. ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे सांगायची लाज वाटते, पण होते. शेवटी तिनं मला एक बंधन घातलं — ज्याच्या नावानं शिकायचं, पहिला धवला त्याच्याच मांडवात बोलायचा. आधी चांगुनीच्या, मग कोणाच्याही. तीसुद्धा तशीच शिकली होती, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी. मी तिच्या पायावर हात ठेवून हो म्हटलं.

ती गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. शांतपणे गेली. आदल्या रविवारी विचारलं होतं, चांगुनी शाळेत जाते का. मी म्हटलं, जाते.

मागच्या महिन्यात पल्लवी आली होती घरी. आमच्या मंडळातली अगदी पहिल्या तुकडीतली, समाजमंदिरात नाक पुसत नाचायची ती. लग्नाची पत्रिका घेऊन आली, पाया पडली, पोहे खाल्ले. मग म्हणाली, “मॅडम, आयनं तुम्हाला धवले शिकवलेत ना? गावात आता कोणालाच येत नाहीत. माझ्या लग्नात बोला ना.”

मी म्हणाले, “नाही गं. मला नाही येत.”

तिला खरंच वाटलं. मॅडम कशाला खोटं बोलतील?

लग्नाला मी गेले. हळदीच्या वेळी कोणीतरी मोबाइल स्पीकरला लावून धवले वाजवले. रेकॉर्ड केलेले, कुठल्या तरी दुसऱ्या गावचे. चांगला आवाज होता त्या बाईचा, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. पण तिनं तिच्या गावचे देव बोलावले. या गावची गावदेवी त्यात नव्हती, शिवेवरचा नव्हता, खाडीच्या तोंडावरचा नव्हता. पल्लवी मान खाली घालून हळद लावून घेत होती. मी मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पर्स मांडीवर घेऊन. रेकॉर्ड संपलं, कोणीतरी दुसरं गाणं लावलं. मी जेवले, आहेर दिला आणि रिक्षानं घरी आले.

पल्लवीच्या लग्नाला तिच्या गावच्या देवांना कोणी बोलावलं नाही. मला सगळ्यांची नावं पाठ आहेत.