नत्थूजी धुरकरी आणि नव्या ग्रिपा

माझ्या बापाबद्दल कोणी विचारलं तर मी म्हणते, माणूस दिलाचा सच्चा आहे, फक्त त्याच्या मायेच्या तावडीत सापडू नका. लोक हसतात. मी गंमत करून राहिली असं वाटते त्यायले.

नाव नत्थूजी. कुहीकडचं आमचं गाव, धानाचं. तिथं त्याले नत्थूजी धुरकरी म्हणत. शंकरपटात बैलाची जोडी पळवते तो धुरकरी. चांद्या अन् हरण्या अशी त्याची जोडी होती. अन् आम्ही दोघं भावंडं, मी दीपमाला, माझ्या पाठचा आयुष. घरात दूध काढलं की पहिले जोडीले, मंग आयुषले, उरलं तर मले. मी मनात काही ठेवलं नाही असं सगळ्यायले सांगते. ठेवलं आहे.

पटात नत्थूजी उभा राहिला की लाउडस्पीकरवाला त्याच्या नावाचा असा पुकारा करे की बाया कामं टाकून पाहाले येत. मंग कोर्टाचा हुकूम आला अन् पट बंद झाले. बाबानं जोडी विकली, त्या दिवशी जेवला नाही, अन् काही दिवसांनी आम्हाले घेऊन नागपुरात दिघोरीले आला. एका मंगल कार्यालयाच्या गेटवर त्याले काम भेटलं. ज्याच्या नावाचा पुकारा होत होता तो माणूस वऱ्हाड्यायच्या मोटारींले "आन दे, आन दे, मांगं आन दे" करू लागला. पुढे पट पुन्हा सुरू झाले, पण तवा दावणीले बैल नव्हते अन् बाबाचे गुडघेही गेले होते. सुंभ जळला, पीळ तेवढा राहिला. अन् तो पीळ कोणाच्या गळ्यात पडणार? घरच्यायच्याच.

आयुष नंदनवनात एका गॅरेजात लागला. तिथं त्याले डर्ट बाईकचा नाद लागला. मातीत, चिखलात, उंचवट्यावरून उडवत पळवायची ती गाडी. एक जुनी गाडी घेऊन त्यानं ती हातानं उभी केली. बाबानं पहिले खूप शिव्या घातल्या. "हाडं मोडून घेशील बे, मंग मायले जन्मभर रडाले लावशील!" मंग एकदा आयुषनं त्याले जबरदस्तीनं रेस पाहाले नेलं. सुरुवातीच्या दोरीमागं गाड्या गुरगुरून राहिल्या होत्या, पोरं त्यायले ब्रेकवर दाबून उभी होती. बाबानं ते पाह्यलं अन् ढसाढसा रडला. त्या दिवसापासून ती गाडी त्याची झाली. तिचं नाव त्यानं हरण्या ठेवलं. ड्युटीवरून आला की पहिले गाडीवरून हात फिरवे, मंग पायातली चप्पल काढे.

त्या साली पोळ्याच्याच दिवशी कळमेश्वरकडं रेस होती. पुण्याच्या एका टीमचा माणूस पोरं पाहाले येणार होता, त्याले एकच पोरगा न्यायचा होता. आयुष त्याच्या नजरेत भरला असता तर टीमची गाडी, टीमचा पगार, अन् गॅरेजातल्या काळ्या हातातून कायमची सुटका. नाही भरला तर संपलं. या खेळात पंचविशी उलटली की कोणी नवा पोरगा म्हणत नाही, अन् आयुषची उलटली होती. "ताई, हा शेवटचा बोलावा आहे," तो मले म्हणाला होता. माझा भाऊ असं जड बोलत नाही कधी.

गाडी तयार होती, पण हँडलच्या ग्रिपा गेल्या होत्या. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, आयुषच्या तळहाताले फोड आले होते. सदरमध्ये मी एका पॅथॉलॉजीत रक्त काढते, तिथून जवळच रेसच्या सामानाचं दुकान. मी सुट्टी करून तिथं पोचली तर बाबा आधीच स्टुलावर बसून होता.

दुकानदारानं काउंटरवर तीन जोड्या मांडल्या. एक कडक रबराची, एक मऊ, अन् तिसरी बोल्टवाली. तिच्या आत पक्की नळी अन् टोकाले कडं. पान्यानं बोल्ट आवळला की हँडलले चावून बसते, ग्लू लावाचं काम नाही. आयुषनं तीच उचलली.

"हे घेतो, बाबा. हे काही केल्या फिरत नाही."

बाबानं ती हातात घेतली, दाबून पाह्यली, अन् काउंटरवर टाकून देल्ली. "हट! हे लाकूड होय. कासरा हातात धरला की बैलाचा श्वास हातात आला पाहिजे. बोल्टानं आवळलेली वस्तू काय बोलल?"

"बाबा, गाडी बोलत नाही."

"तुले ऐकू येत नाही, असं म्हण."

दुकानदार हसला. मले राग आला. म्हटलं, "बाबा, रेस तुमी मारणार आहे का तो?"

"तू रक्त काढ वं आपलं. मधात बोलू नको."

मंग त्यानं मऊवाली जोडी आयुषच्या हातात देल्ली, त्याचे डोळे मिटाले लावले, अन् समोरून दोन्ही हातांनी त्याच्या मुठी धरून हलवल्या. वर, खाली, आडव्या. भर दुकानात! गिऱ्हाईक पाहून राहिले होते. मी लाजेनं दुसरीकडं पाहू लागली. आयुष डोळे मिटूनच म्हणाला, "हे बरी आहे, बाबा. हात दुखत नाही." बाबाची छाती अशी फुगली की पट जिंकला जसा. मी मांगून आयुषले विचारलं, त्याचं मन राखाले बोलला का? तो म्हणाला, नाही, मऊच चांगली होती, फक्त ती ग्लूनं चिकटवावी लागते.

फक्त.

ग्रिपा बसवल्या त्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. तो दिवस खांदशेकणीचा. वर्षभर जू वाहून घासलेल्या बैलाच्या खांद्यावर हळद घातलेलं कोमट तूप पळसाच्या पानानं चोळायचं अन् म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. नागपुरात आल्यापासून बाबा हे मातीच्या बैलायले करे. मातीच्या बैलाचा खांदा तो केवढा! बोट टेकवलं की संपला.

मी कामावर होती, हे मले मायनं मांगून सांगितलं. आयुषनं अंगणात ब्लेडनं जुन्या ग्रिपा कापून काढल्या. आतला वाळलेला ग्लू खरवडला, पेट्रोलच्या फडक्यानं हँडलचा पाइप पुसून कोरडा केला. ग्लूची नळी दाबली तर आत गोटा झालेला. तो शिव्या देत नवी नळी आणाले गेला. अन् त्याच टायमाले बाबा वाटी घेऊन बाहेर आला.

उघडं हँडल त्याले जू उतरवलेल्या खांद्यासारखं दिसलं असंल. दुसरं काय? त्यानं दोन्ही बाजूंनी तूप-हळद चोळली, चांगली घोळून घोळून. "आज आवतन घे रे हरण्या, उद्या जेवाले ये," म्हणाला. मंग पोराचे कपडे खराब होऊ नये म्हणून आपल्या दुपट्ट्यानं चकचकीत पुसून घेतलं. माय दारात उभी होती. ती म्हणते, लय दिवसांनी त्याच्या तोंडावर असं समाधान पाह्यलं होतं.

तुपाच्या हातावर साधी चिकटपट्टी बसत नाही! पण ते त्याले कोण सांगणार होतं? अन् सांगितलं असतं तर तो ऐकणार होता का? सगळं जग त्याले कालचं पोरगं.

आयुष आला तवा अंधारून आलं होतं. पाइप आपण पुसून गेलो, हे त्याच्या डोक्यात पक्कं. त्यानं ग्लू लावला अन् ग्रिप चढवली. नवी ग्रिप चढवताना माणसाले घाम फुटते, ही एका दमात आत गेली.

"अरे वा! कशी लोण्यासारखी गेली!"

"मंग? पसंती कोणाची आहे?" बाबा म्हणाला.

सकाळी आयुषनं पिळून पाह्यली. काठाचा ग्लू सुकला होता, ग्रिप हलली नाही. बाबानं गाडीले फुलाची माळ घातली, मायनं पुरणपोळीचा तुकडा टाकीवर ठेवला, अन् आम्ही निघालो.

रेस मी पाह्यली. आता वाटते पाह्यली नसती तर बरं झालं असतं. आयुष मांगून निघून दुसऱ्या नंबरवर आला होता. बाबा दोरीपाशी उभा राहून पटातल्यासारखा ओरडून राहिला होता, "हो हरण्या! हो!" पुण्याच्या माणसाची मान आयुषच्या गाडीसोबत फिरत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. मंग मोठा उंचवटा आला. गाडी हवेत गेली, खाली आली, अन् आयुषचा डावा हात हँडलवरून सरकन बाहेर निघाला, मुठीत ग्रिप घट्ट धरलेली. गाडी एकीकडं, तो एकीकडं. मागच्याची गाडी त्याच्या मनगटावरून गेली.

बाबा त्या गुडघ्यांनी एवढा पळंल असं मले वाटलं नव्हतं. "माझं लेकरू, माझं लेकरू," करत तो चिखलात बसला. ते खरं होतं. त्याच्या मायेत खोट मी कधीच म्हटली नाही.

दवाखान्यात हातमोजा कापाले मूठ उघडली तवा तिच्यातून ग्रिप निघाली. मी ती उलटी करून पाह्यली. आत पिवळं होतं. ग्लू पिवळा नसते. मी नाकाले लावली. हळद अन् तूप. आयुष माझ्याकडं पाहून राहिला होता. त्याले माझ्या आधीच समजलं होतं.

"ताई, धुऊन टाक."

"काहून धुऊ? मी आता जाऊन त्यायच्या तोंडावर मारते हे!"

"नको वं, ताई. माझा हात तर गेलाच. हे समजलं तर बाबाही जाईल."

तेवढ्यात बाबा आत आला. "काय झालं रे? ग्रिप कशी निघाली?"

"ग्लू सुकला नाही, बाबा. मी घाई केली."

बाबानं कपाळाले हात मारला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. रस्त्यावरून मारबतीचा पुतळा गावाबाहेर जाळाले नेत पोरं ओरडत चालली होती, "घेऊन जा गे मारबत!" अन् मी दवाखान्याच्या बेसिनपाशी साबणानं ती ग्रिप घासून राहिली होती. रोगराई घेऊन जा, ईडापीडा घेऊन जा. आमच्या घरचं कोण घेऊन जाणार?

मनगटात स्टीलची पट्टी टाकली. रेस बंद, असं डॉक्टरनं साफ सांगितलं. पुण्याच्या माणसानं दुसरा पोरगा नेला. त्या हातात पान्याचा जोर राहिला नाही म्हणून गॅरेजही सुटलं. गाडी विकली. आयुष आता बॅटरीच्या स्कूटरवर लोकायची पार्सलं पोचवते.

अन् बाबा? बाबा मंगल कार्यालयाच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, "ग्रिप माझ्या पसंतीची होती, तिच्यात दोष नाही. पोराले घाई! साधा ग्लू सुकू देता आला नाही. धुरकऱ्याचं पोरगं, पण हातात धीर नाही." नातेवाईकायत सांगते. आयुष जेवत असते तवा त्याच्यासमोर सांगते. आयुष पोळी खालमानेनं चावते. मी ताट घेऊन आत जाते. आपलेच दात, आपलेच ओठ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असते, ते माझ्या घरी येऊन पाहा.

यंदा खांदशेकणीले शेजारच्या सिंधूताई पळसाची पानं द्याले आल्या. बाबा वाटी घेऊन स्कूटरपाशी उभाच होता.

"गाडीले लावता का हो हे, नत्थूजी?"

"लावतो म्हणजे? गेल्या साली हेच लावलं होतं म्हणून पोरगं वाचलं, सिंधूताई! नुसतं मनगटावर भागलं. त्याच्या हरण्यानं आवतन घेतलं होतं नं. मी ते केलं नसतं तर आज फोटोले हार असता."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठली. सगळं तोंडात आलं होतं, एक वर्षाचं. "बाबा," मी म्हटलं. बाबानं वळून पाह्यलं, त्याच्या मिशीले हळद लागली होती.

आयुषनं माझ्याकडं एकदाच पाह्यलं. मंग स्कूटर स्टँडवरून काढून बाबाच्या पुढ्यात आणली.

"लावा, बाबा. चांगलं लावा."

बाबानं हँडलच्या दोन्ही मुठींले तूप चोळलं, वाटीतलं सगळं संपेस्तोवर. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," म्हणाला अन् खुशीत आत गेला. सिंधूताईही गेल्या.

आयुषले पार्सलं पोचवाले जायचं होतं. त्यानं नळाखाली फडकं भिजवलं, साबण लावला. डाव्या हातानं पिळाले गेला, जमलं नाही. पुन्हा पाह्यलं. मंग ते ओलं फडकं त्यानं माझ्यापुढं धरलं.

"ताई, पिळून दे."

मी पिळून देल्लं.