तिला फिट येते का?

टेलर मास्तरांच्या दुकानात एक शब्द चालत नसे. तुम्ही म्हणाल, शिवी असणार. छे हो! शब्द अगदी साधा, इंग्रजीतून पाहुणा म्हणून आलेला आणि घरजावई होऊन बसलेला: फिट. आता शिंप्याने 'फिट' न म्हणता धंदा करायचा म्हणजे खानावळवाल्याने मीठ न वापरता स्वयंपाक करायचा! पण मास्तरांनी तो केला, आणि वर्षानुवर्षं केला.

एक गिऱ्हाईक यायचं, "मास्तर, जरा फिट करा." दुसरं म्हणायचं, "फार फिट नको हो, श्वास घेता आला पाहिजे." तिसरा नवा कोट अंगावर चढवून आरशासमोर गिरकी घ्यायचा, "वा, एकदम फिट!" मास्तर तिघांनाही ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अंगाबरोबर बसलं म्हणजे झालं." तब्येतीची चौकशी केली तर जगातला कुठलाही माणूस 'फिट' म्हणून मोकळा होतो, मास्तर 'ठणठणीत' म्हणायचे. लोकांना वाटायचं, यांना शुद्ध मराठीचं वेड आहे. एक जण तर त्यांना 'पंडितजी' म्हणूनच हाक मारायचा. कसलं वेड आणि कसलं काय! साधी भीती होती ती.

दुकानाच्या मागच्या भागात, पडद्याआड, मास्तरांची बायको काजं-बटणं करत बसायची. हा शब्द बंद केला होता तिने. त्यांची एकुलती एक लेक चिमी शाळेत असताना एकदा सकाळच्या रांगेतच धाडकन पडली. हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला. पोरींनी रिंगण केलं आणि कुणीतरी ओरडलं, "हिला फिट आली!" शुद्धीवर आल्यावर चिमीला पहिल्यांदा दिसले ते सगळ्यांचे डोळे. स्कर्ट ओला झाला होता आणि मागे दोघीतिघी तोंडावर हात धरून हसत होत्या. पुढे तिच्या बाकावर कुणी बसेना. शाळा बदलली, पण मुलगी काही पहिल्यासारखी झाली नाही. चार माणसं जमली की ही भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पडायची भीती तर होतीच, पण पडताना कुणी बघेल ही भीती त्याहून मोठी.

तेव्हापासून घरात त्या आजाराला नाव उरलं नाही. "आज तसं काही वाटलं नाही ना?" एवढंच विचारलं जायचं. आणि दुकानात गिऱ्हाईक 'फिट' म्हणालं की पडद्यामागे बायकोच्या हातातली सुई थांबायची. मास्तरांना ते न बघताही कळायचं. मग कुठल्या तोंडाने ते हा शब्द उच्चारणार?

देवाच्या दयेने आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी गेली चार वर्षं 'तसं' एकदाही झालं नव्हतं. चिमी शिकली. आणि नशिबाची थट्टा बघा, मुलगी शिकून झाली काय, तर फिटर!

"जगात दुसरं काही शिकायला नव्हतंच का गं?" आईने कपाळावर हात मारून घेतला होता.

"अगं आई, पंप जोडायचे असतात. त्याला फिटर म्हणतात, मी काय करू?" चिमी म्हणाली होती.

डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण अट घालून. टेबलावरचं जोडणीचं काम खुशाल करू दे, शिडीवर चढायचं नाही आणि फिरत्या मशिनीपाशी उभं राहायचं नाही. मुलीने कामात हात इतका बसवला की तिला एका वर्कशॉपमधून लगेच बोलावणं आलं. पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप, मालकीण एक फटकळ बाई. बाईंनी तिच्याकडून दोन-चार भाग जोडून घेतले, मान डोलावली आणि शेवटी विचारलं, "फिट आहेस ना? इथे नाजूक माणसाचं काम नाही."

"एकदम फिट," चिमी म्हणाली.

आता हे खोटं होतं का? नव्हतं. खरं होतं का? तेही तुम्हीच ठरवा. बाईंनी तिला वर्कशॉपची निळी पँट दिली आणि परवापासून यायला सांगितलं. ती पँट घालून चिमी घरभर फिरली तेव्हा आई म्हणाली, "डोळ्यांचं पारणं फिटलं माझ्या." हे फिटणं आपलं, अस्सल मराठी. त्याला घरात बंदी नव्हती.

रात्री मास्तर मात्र हळूच म्हणाले, "अगं, पण त्यांनी हिला मशिनीवर उभं केलं तर? सांगून टाकलेलं बरं."

"विचारलं नाही तर सांगायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची," बायको म्हणाली. "सांगितलंत आणि नोकरी गेली तर पोर पुन्हा घरात कोंडून घेईल. चालेल तुम्हाला?"

नाही चालणार, हे मास्तरांनाही माहीत होतं. ते गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शिवत बसले असताना फोन आला. मशीन काही त्यांनी थांबवलं नाही. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला आणि पाय चालूच ठेवला. पलीकडून आवाज आला, "मास्तर, वर्कशॉपमधून बोलतेय. तुमच्या मुलीला काल..." मधलं सगळं मशिनीच्या खडखडाटात गेलं आणि पुढचं मात्र स्वच्छ ऐकू आलं, "तिला फिट येते का?"

मास्तरांचा पाय जागीच थांबला. इतकी वर्षं कानाआड केलेला शब्द, आणि तो थेट लेकीचंच नाव घेऊन आला.

"तुम्हाला... कुणी सांगितलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? पोरीकडे बघूनच शंका आली मला."

"नुसतं बघून कळतं?"

"न कळायला काय झालं? एवढीशी तर आहे ती!"

झालं! मास्तरांचा बांध फुटला. "येत होती हो, बाई. शाळेत असल्यापासून येत होती. पण आता चार वर्षांत एकदाही नाही. गोळ्या वेळेवर घेते. टेबलावरचं काम ती कुणाहूनही सरस करेल, डॉक्टर स्वतः म्हणालेत. फक्त मशिनीवर उभं करू नका. हात जोडतो, नोकरीवरून काढू नका तिला."

मग बाई सावकाश म्हणाल्या, "मास्तर, मी पँटचं विचारत होते."

मास्तरांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अजूनही सारवासारव करता आली असती. ऐकण्यात चूक झाली, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होतो, काहीही. जिभेवर आलंही होतं. पण डोळ्यांसमोर गरगर फिरणारं मशीन आलं आणि त्यांनी शब्द गिळला.

"उद्या आल्या आल्या तिला माझ्याकडे पाठवा," एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला.

मागे बघतात तर बायको पडदा धरून उभी. "जळ्ळं मेलं तुमचं तोंड!" ती म्हणाली. "वर्षानुवर्षं मिठाची गुळणी धरून बसलात, ती आजच सुटायची होती? स्वतःच्या लेकीच्या पायावर धोंडा घातलात हो!" आणि तिथेच बसून रडायला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं.

चिमी भांडली असती तर बरं झालं असतं. सगळं ऐकून ती नुसतं "बरं" म्हणाली आणि ताटावरून उठली. सकाळी मात्र निळी पँट घालून तयार. मास्तर चपला घालायला लागले तर म्हणाली, "तुम्ही येऊ नका बाबा. फिट आहे म्हणून मी सांगितलंय, काय ते मीच निस्तरते."

त्या दिवशी मास्तरांनी एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. दुपार झाली, फोन नाही. दुकानं बंद व्हायची वेळ झाली, पोर नाही. रागावून कुठे गेली असेल, की वाटेत 'तसं' झालं असेल? बायको आत-बाहेर करून थकली. सकाळपासून नवऱ्याशी अबोला धरलेली ती, शेवटी तीच म्हणाली, "अहो, जाऊन बघा ना."

तेवढ्यात चिमी दारात. हात कोपरापर्यंत काळे.

"काढलं ना?" आईने विचारलं.

"नाही. जोडणीच्या टेबलावर बसवलंय." चिमी कापडाच्या गठ्ठ्यावर टेकली. "आधी बाई खूप चिडल्या. म्हणाल्या, तुझे वडील बोलले नसते तर आज मी तुला लेथच्या फिरत्या मशिनीवर उभी करणार होते."

आईने मास्तरांकडे बघितलं आणि पदराने डोळे टिपले. मास्तर उगाचच टेपची गुंडाळी करत राहिले.

"मग बाईंनी सगळ्यांना बोलावलं," चिमी पुढे सांगायला लागली. "म्हणाल्या, तूच सांग. मी सांगितलं की मला फिट यायची, पुन्हा कधी येईलही. तर एक म्हातारे फिटरकाका म्हणाले, पोरी, मग आम्ही काय करायचं ते दाखवून ठेव. तोंडाने सांगून त्यांना कळेना. शेवटी मीच जमिनीवर आडवी झाले."

"आडवी? कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"तिथेच, सगळ्यांच्या मध्ये. म्हटलं, असं कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि मी नीट जागी होईपर्यंत एकाने जवळ बसायचं. एकेकाने वळवून बघितलं. दोघांनी असं गदागदा वळवलंय, खांदा दुखतोय माझा अजून!"

आईने विचारलं, "आणि... आणि सगळे तुझ्याकडे बघत होते?"

"बघत नव्हते ना, लाजून माना फिरवत होते," चिमी म्हणाली. "मलाच ओरडून सांगावं लागलं, अहो, इकडे बघा, नीट बघा माझ्याकडे!"