फॅन्युएलची बंदूक आणि त्याच्या टाचा

पडदा वर जातो तेव्हा मंचावर फक्त एक वारूळ आहे. माणसाच्या दीडपट उंच, लाल, आणि पोटावर चुन्याने काढलेलं पांढरं वर्तुळ. मागे पानं झडलेली मोपानीची झाडं, त्यांच्यापलीकडे झांबेझीचं धुरकट खोरं. वारुळापासून साठ पावलांवर एक बुटका, काटक, एकसष्ट वर्षांचा माणूस खांद्याला बंदूक लावून उभा आहे. प्रेक्षकांत आम्ही तिघं: त्याची बायको माई चिएद्झा, शिकारीच्या छावणीचा मालक वॉलेस, आणि उलट्या डब्यावर बसलेला मी.

ठाऽऽ! धूळ उडाली ती वारुळाच्या डावीकडे, दोन हात लांब.

"वारूळ घाबरलं बरं का!" मी ओरडलो. "हलता हलता राहिलं!"

"सोको, तोंड बंद ठेव," फॅन्युएल खांदा चोळत म्हणाला.

सोको म्हणजे माकड, ते माझं कुळ. त्याचं कुळ न्याती, रानरेडा. तो रेड्याचं मांस तोंडात घालत नाही आणि मी त्याला फॅन्युएल म्हणत नाही, न्यातीच म्हणतो. शिवाय मी त्याचा साहविरा. हे नातं आमच्या बापांनी जोडून ठेवलेलं. आमच्याकडे साहविराला काहीही बोलायची मुभा असते. मयतीत तो मेलेल्याची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो, आणि जे भाऊ बोलू शकत नाही, बायको बोलू शकत नाही, ते चारचौघांत बोलून टाकतो. हरारेच्या वस्त्यांमधून मी तीस वर्षं नाटकं केली, राजे केले, भुतं केली, एकदा तर दार केलं. पण इतकी अवघड भूमिका मला कधी मिळाली नाही. कारण त्याच्या परीक्षेआधीच्या सहा महिन्यांत जे बोलायचं होतं ते मी शंभरदा बोललो आणि त्या म्हाताऱ्याच्या कानात शिरलं नाही.

फॅन्युएल मागकाढ्या. बत्तीस वर्षं तो पाहुण्या शिकाऱ्यांच्या पुढे चालला. वाकलेलं गवत, शेणाची ऊब, दगडावरचा ओरखडा बघून हत्ती किती वेळापूर्वी गेला, कोणत्या पायाने लंगडतोय, सांगायचा. पण बंदूक नेहमी दुसऱ्याच्या हातात. त्याला मरण्यापूर्वी एकदा परवान्याचा शिकारी व्हायचं होतं. पाहुण्याच्या पुढे नाही, शेजारी चालायचं होतं. त्यासाठी वन्यजीव खात्याची परीक्षा. लेखी तो पास झाला होता. उरला होता आठवडाभराचा रानातला भाग, परीक्षकांसमोर हत्तीची शिकार. त्यात तो दोनदा नापास झाला होता. वय बघता ही तिसरी खेप शेवटचीच.

वॉलेसच्या कपाटात जड जनावरांच्या दोनच बंदुका, दोन्ही नळीच्या मापाने ओळखायच्या. एक चारशे अठ्ठावन्न: अंगठ्याएवढी गोळी आणि लाथ गाढवाची. दुसरी तीनशे पंच्याहत्तर: नळी लांब, दस्ता घासून गुळगुळीत झालेला, धक्का निम्म्याच्या आसपास. परीक्षेला दोन्ही चालत. फॅन्युएल दोन्ही वेळा चारशे अठ्ठावन्न घेऊन गेला आणि दोन्ही वेळा चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून बसला.

"अरे, पंच्याहत्तर घे ना," वॉलेसने हजारदा सांगितलं. "घट्ट धातूची, न फुटणारी गोळी घाल. जागेवर लागली तर हत्तीच्या कवटीतून आरपार जाते. भोक लहान की मोठं, हत्ती मोजत बसत नाही."

"आणि जागेवर नाही लागली तर?"

"तर तोफ आणलीस तरी नाही मरणार!"

"हर्बर्टच्या हातात पंच्याहत्तरच होती," फॅन्युएल म्हणायचा, आणि बोलणं तिथे संपायचं.

हर्बर्ट हा वॉलेसचा भागीदार. बावीस वर्षांपूर्वी जखमी रेड्याने त्याला उंच गवतात तुडवून मारलं. फॅन्युएल त्याच्या पुढे दहा पावलांवर होता. त्या दिवसापासून याच्या डोक्यात एकच: बंदूक लहान पडली.

"न्याती," मी म्हणायचो, "तो रेडा कापला तेव्हा गोळी कुठे सापडली, ते तूच मला सांगितलंस. पोटात. चघळलेल्या गवतात. अठ्ठावन्नची असती तर तीही पोटातच गेली असती!"

"तू नाटकवाला. तुला काय कळतं?"

"मला एवढंच कळतं की तलवार उचलत नसेल त्याने राजा करू नये."

माई चिएद्झा माझ्याहून वैतागलेली. "खांदा बघा यांचा, सोको! वांग्यासारखा झालाय. सकाळी मक्याच्या पिठाच्या साद्झाचं भांडं ढवळायला सांगितलं तर हात वर जात नाही. आणि हे निघाले हत्ती मारायला."

"भांडं ढवळणं वेगळं, बाई."

"हो ना. भांड्यासमोर तुम्ही डोळे मिटत नाही."

अखेर परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा मी माझं शेवटचं नाट्य रचलं. सकाळीच जाऊन नेम धरायच्या जागेवरची धूळ मोपानीच्या फांदीने झाडून सपाट केली, पिठासारखी. मग फॅन्युएलला म्हटलं, आज एवढं कर. इथे उभा राहून अठ्ठावन्नने तीन बार काढ, आणि तीन पावलं बाजूला उभा राहून पंच्याहत्तरने तीन. मग मी जन्मात बोलणार नाही.

"शप्पथ?"

"माकडाची शप्पथ."

या आमिषाला तो भुलला. सहा बार झाले. अठ्ठावन्नचे तिन्ही वारुळाबाहेर. पंच्याहत्तरचे तिन्ही वर्तुळात, हाताच्या पंजाखाली झाकले जातील असे.

"नशीब," तो म्हणाला.

"असेल. आता खाली बघ. ही पावलं तुझी आहेत हे विसर. रानात दिसली असती तर काय वाचलं असतंस?"

तो हसला नाही. पण मागकाढ्यासमोर माग ठेवला की तो न वाचता राहत नाही. भुकेल्यासमोर ताट ठेवावं तसं. त्याची काठी आपोआप जमिनीकडे गेली. आधी पंच्याहत्तरच्या जागी.

"हा माणूस चवड्यांवर उभा आहे. भार पुढे. इथे टाच घसरलीय, मागे रेघ ओढलीय. ती धक्क्याने, बार झाल्यावर."

मग तो दुसऱ्या जागेवर आला आणि उकिडवा बसला. टायरच्या चपलेची टाच धुळीत वाटीसारखी खोल रुतली होती. बोटांकडची नक्षी उमटलीच नव्हती.

"इथे रेघ नाही," तो हळू म्हणाला. "टाच घसरलेली नाही, दाबलेली आहे. म्हणजे भार बार व्हायच्या आधीच मागे होता." त्याने काठी खाली ठेवली. "हा माणूस पळायच्या बेतात आहे."

 

तो उठला, अठ्ठावन्न वॉलेसच्या हातात दिली आणि पंच्याहत्तर खांद्याला अडकवली. सहा महिने! सहा महिन्यांची डोकेफोड, आणि शेवटी त्याला पटवलं ते त्याच्याच टाचांनी. माई चिएद्झाने त्या दुपारी कोंबडी कापली.

आणि दुसऱ्या दिवशी विमानातून पाहुणा उतरला. डेन्मार्कचा, उंच, लाल कानांचा, पंधरा दिवसांचे पैसे आधीच भरलेला. त्याची बंदूक विमानात चढलीच नव्हती. कधी येईल ते कोणाला माहीत नाही. त्याला रेडा मारायचा होता, अठ्ठावन्नला त्याने हात लावायला नकार दिला, आणि वॉलेस मान खाली घालून फॅन्युएलच्या दारात आला.

"फॅन्युएल, पाहुणा आहे रे. छावणी त्याच्यावर चालते. अठ्ठावन्न घेऊन जा. आता तुला कळलंय ना चूक कुठे होते? पाय पुढे ठेव, झालं."

मी पेटलो. नाटकात न दिलेल्या शिव्या मी त्या अंगणात दिल्या. विमानाला दिल्या, डेन्मार्कला दिल्या, वॉलेसच्या कपाटात दोनच बंदुका का म्हणून त्याच्या आजोबांना दिल्या. माई चिएद्झाने डोक्याच्या फडक्यात तोंड खुपसून हुंदका दिला. फॅन्युएल मात्र अठ्ठावन्नकडे बघत राहिला.

परीक्षकांची गाडी शुक्रवारी सकाळी आली. यादीत त्याचं नाव वाचलं गेलं. फॅन्युएल रिकाम्या हाताने पुढे गेला.

"मला जी बंदूक चालवता येते ती आज इथे नाही," तो म्हणाला. "जी आहे ती घेऊन मी हत्तीसमोर उभा राहिलो तर माझ्या मागचा माणूस मरेल. खोडा माझं नाव."

"पुढच्या वर्षी ये, म्हाताऱ्या," परीक्षक भल्या आवाजात म्हणाला.

"बघू."

गाडी गेली. धूळ खाली बसायच्या आत मी त्याच्या अंगावर धावलो. "मूर्खा! वॉलेसचं गेल्या वर्षीच ऐकलं असतंस तर गेल्याच फेरीत पंच्याहत्तर घेऊन परवाना काढला असतास! तुझ्या मयतीत हे सगळं सांगणार आहे मी, नकलेसकट!"

"सांग," तो म्हणाला, आणि काठी उचलून वारुळाकडे चालू लागला.

तिथे पाहुणा त्याच पंच्याहत्तरने सराव करत होता. एक बार वर, एक खाली. वॉलेस दातओठ खात उभा. फॅन्युएल पाहुण्याच्या मागे जाऊन उकिडवा बसला, त्याच्या बुटांखालची धूळ थोडा वेळ वाचली, आणि काठीच्या टोकाने त्याच्या टाचेला हलकेच टोचलं.

"साहेब, भार पुढे घ्या. रेडा समोरून येणार आहे, आणि तुमचे पाय आत्ताच घरी निघालेत."