साखरखेर्ड्याची एकमेव वाचक

बुलढाणा जिल्ह्यात जातेय म्हटलं की लोक विचारतात, लोणार की शेगाव? मी म्हटलं, डोणगाव, साखरखेर्डा आणि चिखली. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "तिथे काय आहे बघायला?"

"ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर."

त्याने वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. आम्हाला सगळ्या महाविद्यालयांसाठी एकच ग्रंथालय प्रणाली निवडायची होती. पुस्तकांची नोंद, शोध, देवघेव सगळं तिच्यातच, आणि एका गावच्या मुलीला दुसऱ्या गावातलं पुस्तक घरबसल्या मागवता यावं असा बेत. एका कंपनीची प्रणाली काही ठिकाणी चाचणीसाठी बसवली होती. तिचा अहवाल आला आणि समिती साखरखेर्ड्याच्या नावावर काट मारायला निघाली, कारण तिथून पुस्तकं धडाधड जात होती, पण वाचक दिसत होता फक्त एक. खुद्द ग्रंथपाल बाई! "घरी रद्दीचं दुकान असेल त्यांचं," एक सदस्य म्हणाले आणि सगळे हसले. मला भयंकर राग आला. एकदा योजनेतून नाव गेलं की त्या गावाकडे पुन्हा कोण बघतंय? मी म्हटलं, "मी स्वतः जाऊन बघेन. तोवर माझी सही मिळणार नाही." पुढच्या बैठकीच्या आत या, एवढंच उत्तर मिळालं.

सकाळची मेहकर एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे खिडकीची जागा हवी असेल तर स्थानकावर लवकर पोचा, आणि रुमाल टाकून जागा धरण्यात संकोच करू नका. मी केला आणि कारंज्यापर्यंत उभी राहिले. मालेगाव सुटलं की दोन्ही अंगांना तूर दिसायला लागते. हिवाळ्यात या रस्त्याने जरूर जा. ऊन असतं, पण अंगावर येत नाही.

डोणगावला रस्त्याच्या कडेलाच आलूबोंडा खाल्ला. आपण ज्याला बटाटेवडा म्हणतो तोच, पण तिथे तसं म्हटलं तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. तिथल्या महाविद्यालयात खंडारे सर ग्रंथपाल आहेत. त्यांची तक्रार अशी की मशीन बारकोड वाचतच नाही. मी पुस्तक हातात घेतलं तर त्याला झकास खाकी कव्हर! बारकोडची पट्टी मुखपृष्ठावर चिकटवलेली, आणि मुलींनी शाळेच्या सवयीने प्रत्येक पुस्तकाला कव्हर घातलेलं.

"पोरीयले सांगून थकलो, मॅडम," सर म्हणाले. "त्या म्हंतात, उघडं पुस्तक घरी कसं न्यावं? खराब होते ना!"

आता यावर रागवायचं तरी कसं? पट्टी आतल्या पानावर लावा, असं ठरवलं आणि मेहकरला मुक्कामाला गेले. लॉज साधंच, पण गरम पाणी होतं. जेवणात वांगे-सोल्याची भाजी आणि भाकरी. तुरीचे ओले दाणे, म्हणजेच सोले, निघतात त्या दिवसांत गेलात तर ही भाजी मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी चिखलीच्या बसने लव्हाळा फाट्यावर उतरले. तिथून साखरखेर्ड्याला जीप मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि 'भरली' हे चालक ठरवतो. माझ्या शेजारी कॉलेजच्या दोन मुली कोंबून बसल्या होत्या. एकीने दप्तरातून राज्यशास्त्राचं जाडजूड पुस्तक काढून दुसरीला दिलं.

"झालं वाचून?"

"हाव. तिसरं प्रकरण नीट पाह्य, त्याच्यावरच इचारतात. आन तुह्यं झालं की सविताले दे, तिनं मले कालच सांगून ठेवलं."

पुस्तकावर महाविद्यालयाचा शिक्का होता. मी माझी ओळख न सांगता विचारलं, "हे आधी ग्रंथालयात नाही का जमा करायचं?"

"काऊन?" पुस्तक घेणारी म्हणाली. "तिकडून मले हेच तं आनाचं होतं."

माझ्या डोक्यात जागेवरच लख्ख उजेड पडला. पुस्तक कुठे हरवत नव्हतं, पडूनही राहत नव्हतं. ते फक्त काउंटरवर परत येत नव्हतं.

संगीता गवई, म्हणजे अहवालातल्या त्या एकमेव वाचक, महाविद्यालयाच्या दारातच भेटल्या. मी साहेबीण असणार म्हणून त्यांनी खुर्चीवर टॉवेल अंथरला होता. चहा झाल्यावर मी सरळ विषयाला हात घातला. सगळी पुस्तकं तुमच्याच नावावर कशी?

"आमच्या इकडं पुस्तक हातोहात फिरते, मॅडम," त्या म्हणाल्या. "गाड्या कमी, पोरी दुरून येतात. पैले मी पोरींच्याच नावावर देत होते. मुदत संपली की मशीन खातं बंद करे. आमची कोमल, एम.ए.च्या प्रवेश परीक्षेले बसली होती. तिनं पुस्तक कवाच मैत्रिणीले देलं होतं, अन् खातं बंद झालं हिचं. ऐन परीक्षेत पोरगी इथं रडत बसली. मंग मी म्हटलं, लावा सगळं माह्या नावावर. कर्मचाऱ्याचं खातं बंद होत नाही."

"आणि कुणाकडे काय आहे ते?"

"व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप हाय ना."

"मग आम्हाला का नाही कळवलंत?"

"काय कळवू? पोरी नेम मोडून राह्यल्या म्हणून?"

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. बाई, तुम्ही मुलींना वाचवलंत, पण कागदावर ग्रंथालय ओस पाडलंत, आणि आता तुमचं महाविद्यालय योजनेतून जाणार आहे. त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजे माह्याच पायी पोरींचं नुकसान?" मला वाईट वाटलं, पण गोड बोलून भागणार नव्हतं.

तिथूनच कंपनीला फोन लावला. एका वाचकाकडून दुसऱ्याकडे परस्पर पुस्तक नोंदवायची सोय करून द्याल का? तिकडचा माणूस अदबीने म्हणाला, "पुस्तक काउंटरवर यायलाच हवं, मॅडम. जगात सगळीकडे हीच पद्धत आहे."

"साखरखेर्डाही जगातच आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग गवईबाईंना म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चिखलीला चला."

चिखलीच्या एका महाविद्यालयात मोफत मिळणारी खुली प्रणाली वापरतात, जिच्यात आपल्याला हवे ते बदल करता येतात. तिथल्या काळे सरांना वसतिगृहातल्या मुलांनी अगदी असाच ताप दिला होता, म्हणून त्यांनी संगणक विभागाकडून एक सोय करून घेतली होती. देणारा आणि घेणारा, दोघांनी मोबाइलवर होकार दिला की पुस्तक एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जातं. मी म्हटलं, माझ्यासमोर करून दाखवा. सरांनी गवईबाईंचं आणि कोमलचं खातं तिथेच उघडलं. बाईंनी आपल्या नावावर एक पुस्तक घेतलं आणि गावी असलेल्या कोमलला फोन केला, "होकार दे बे लवकर." पहिल्यांदा नेट गेलं. दुसऱ्यांदा कोमलने चुकून नकार दिला. तिसऱ्यांदा पडद्यावरचं नाव बदललं आणि बाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की मी ओरडलेच.

असल्या निवडीत अडकलेल्या ग्रंथपालांसाठी: मोफत म्हणजे बिनकष्टाची असं समजू नका. सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, सगळ्या नोंदींची रोज नक्कल, म्हणजे बॅकअप, ठेवावी लागते आणि काही बिघडलं तर शिव्या घालायला कंपनी नसते. आणि सादरीकरण कितीही सुंदर असलं तरी, आधी वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा.

बैठकीत जोरदार वाद झाला. वाचकांनी प्रणालीचे नियम पाळायचे की प्रणालीने वाचकांचे, असं एकाने विचारलं. मी जीपमधला प्रसंग जसाच्या तसा सांगितला. "तिथे वाचक भरपूर आहेत. आपल्या मशीनला ते दिसत नाहीत, एवढंच." मग प्रश्न आला, या खुल्या प्रणालीची जबाबदारी कोण घेणार? मीच हात वर केला. माझी उन्हाळ्याची सुट्टी गेली, नवरा अजून रुसलेला आहे, पण खुली प्रणाली ठरली आणि साखरखेर्डा यादीत राहिलं.

काही महिने मी पुन्हा त्याच एसट्यांमधून फिरले, प्रत्येक ठिकाणी बसून शिकवलं, आणि रुमाल टाकायलाही शिकले. या प्रवासातून घरी काय आलं म्हणाल तर एक हट्ट, की माणसं काय करतात ते पाहिल्याशिवाय कुठेही सही करायची नाही. परवा गवईबाईंचा फोन आला. त्यांच्या नावावरचं शेवटचं पुस्तकही ते ज्या मुलीकडे होतं तिच्या नावावर गेलं होतं.

"मॅडम, माह्या नावावर आता एकबी पुस्तक नाही," त्या म्हणाल्या. मग लाजत विचारलं, "आता एखादं माह्यासाठी घरी नेऊ का? वाचाले?"