उत्तरेचं नाव

चिखलीतले माझे शेजारी घराचा पत्ता कधी नंबराने सांगत नाहीत. नवा दूधवाला आला तरी फोनवर ठणकावतात, "पूर्वेला जिना, दक्षिणेला लिफ्ट, मधी आमी!" ही खोड जुन्या कागदांतून लागलेली. रिटायर झाल्यापासून ते घराण्याची जुनी घरं शोधत सरकारी कचेऱ्यांच्या चकरा मारतात. कारकून "उद्या या" म्हणाला, की तिथल्याच बाकावर बसून निवांत डबा सोडतात. कारकुनालाच मग अवघडल्यासारखं होतं.

चाकणकडचं एक घर मात्र काही केल्या सापडेना. वारसनोंदीचं पानच कसरीने खाल्लेलं. शेवटी ते सापडलं त्या घराच्या तेव्हाच्या शेजाऱ्याच्या खरेदीखतात. त्याच्या घराच्या हद्दी लिहिताना पश्चिमेला यांच्या आजोबांचं नाव घातलेलं होतं. त्या जागी आता कंपनीचं पार्किंग आहे, पण त्याचं यांना काहीच नाही. "शेजाऱ्यानं ठिवलं राव आमाला," एवढंच आठवडाभर घोळवत राहिले.

परवा त्यांनी मृत्युपत्र केलं आणि साक्षीदार म्हणून मला नेलं. फ्लॅटच्या हद्दी लिहिताना त्यांनी उत्तरेला माझं नाव सांगितलं. वकील हसले. "काका, हे भाडेकरू. उद्या सोडून जातील. फ्लॅटचा नंबर टाकू."

"नंबर बी टाका आन् नाव बी टाका. आज ऱ्हात्यात ना?"

दर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि मी टेम्पो बोलावतो. माझ्या लेकीने कधी आमची घरं शोधायला घेतली, तर आता एक तरी सापडेल.